३४ मुलं, ३४ पासपोर्ट: शाळेची परदेश सहल आणि व्हिसा

प्रश्न थोडक्यात असा: एका शाळेतल्या बाई १३ ते १५ वयाच्या ३४ मुलांना अकरा दिवसांच्या शैक्षणिक सहलीला नेणार आहेत. आधी ॲमस्टरडॅम, मग लंडन, तिथून पॅरिस आणि परत. सोबत चार शिक्षक. गटातल्या बहुतेकांना युरोपचा आणि ब्रिटनचा, असे दोन्ही व्हिसा लागतात. बाईंना विचारायचंय की सगळ्या गटाचा मिळून एकच व्हिसा निघतो का, पालकांच्या सहीची चिठ्ठी पुरते का, आणि ज्यांचे आईवडील वेगळे झालेत किंवा ज्यांचा पासपोर्टच दुसऱ्या देशाचा आहे अशा चौघांचं काय करायचं. जमलं तर पुढच्या वर्षी अमेरिका, असंही मनात आहे.

बाई, त्या चौघांबद्दल तुम्ही शेवटी विचारलंत, पण मी सुरुवात तिथूनच करणार आहे. विद्यार्थ्यांच्या गटांचे व्हिसा करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. देशाचा नियम माहीत नव्हता म्हणून अडकलेली सहल मी क्वचित पाहिली. नियम छापलेले असतात, वाचता येतात. तीस मुलांचे कागद सरळ असतात, ते कोणीही करेल. घोडं पेंड खातं ते उरलेल्या चौघांपाशी, आणि ते चौघं कोण हे बहुतेक शाळांना फॉर्म भरायला बसल्यावर कळतं. तोवर विमानाची तिकिटं निघालेली असतात.

म्हणून पहिल्या पालकसभेत नावनोंदणीच्या कागदावर नाव लिहून घेऊ नका. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स घ्या. पासपोर्ट नसेल तर नाव नाही, इतकं कडक राहा. सोबत पालकांकडून चार साध्या प्रश्नांची उत्तरं घ्या: मुलाचा कायदेशीर ताबा कोणाकडे आहे, आईवडील दोघंही सही करू शकतील का, मुलाला यापूर्वी कुठल्या देशाचा व्हिसा नाकारला गेलाय का, आणि तुम्ही राहता त्या देशाचं नागरिकत्व मुलाकडे आहे की नुसता राहण्याचा परवाना. हा कागद बंद पाकिटात घ्या. घटस्फोटाची गोष्ट कुठलीही आई सभेत उभी राहून सांगणार नाही, आणि का सांगावी?

आता तुमचा पहिला प्रश्न. गटाचा एकच व्हिसा निघत नाही. अर्ज एकत्र देता येतात, अपॉइंटमेंट एकाच दिवशी मिळू शकते, शाळेचं कव्हरिंग लेटर एकच चालतं. पण अर्ज ज्याचा त्याचा, निर्णय ज्याचा त्याचा. तेहतीस मुलांना मिळाला आणि एकाला नाकारला, असं होतं. पालकांना हे आधीच स्पष्ट सांगा, आणि त्या एकाच्या पैशांचं काय करणार हेही लेखी ठरवून ठेवा.

मुलांच्या नुसत्या यादीवर गटाला जाता येतं, असं तुम्ही ऐकलंय ते अगदीच खोटं नाही. युरोपीय संघाचा १९९४ चा एक निर्णय आहे. त्यानुसार संघातल्या एका देशात राहणारी, पण संघाबाहेरचं नागरिकत्व असलेली मुलं शाळेच्या यादीवर, शिक्षकासोबत, संघातल्या दुसऱ्या देशात व्हिसाशिवाय सहलीला जाऊ शकतात. म्हणजे ही सोय तिथे आधीपासून राहणाऱ्या मुलांची. ब्रिटननं ही यादी मानणं १ ऑक्टोबर २०२१ पासून थांबवलं. तसाच एक सामूहिक पासपोर्टही असतो, युरोप परिषदेच्या १९६१ च्या करारातला: ५ ते ५० तरुण, सगळे २१ वर्षांखालचे, सोबत स्वतःचा पासपोर्ट असलेला एक गटप्रमुख. कल्पना छान आहे, पण तो करार केलेल्या देशांपुरतीच आहे. तुमच्या गटाला यातलं काहीच लागू नाही. कोणी एजंट ‘ग्रुप व्हिसा करून देतो’ म्हणाला, तर नेमकं काय करून देतो हे त्याच्याकडून लेखी घ्या.

व्हिसाच्या आधी तुमचा मार्ग बदला, असं मी सुचवेन. ॲमस्टरडॅम आणि पॅरिस दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, लंडन त्याच्या बाहेर. मुलं ॲमस्टरडॅमहून लंडनला गेली की शेंगेनमधून बाहेर पडली. पॅरिसला उतरताना तो त्यांचा दुसरा प्रवेश होतो. मिळालेल्या शेंगेन व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात १ छापलेलं असेल, तर मुलं लंडनमध्ये अडकली. मी हे एकदा जवळून पाहिलंय. पासपोर्टवर चिकटवलेल्या ४१ व्हिसा-स्टिकरपैकी ३९ वर ‘मल्टी’, म्हणजे कितीही प्रवेश, असं होतं आणि दोनांवर १. अर्ज सगळ्यांचे सारखेच भरलेले होते. पासपोर्ट परत आले, शाळेनं मोजून घेतले, पेटीत ठेवले, स्टिकर कोणी वाचलं नाही. निघण्याच्या चार दिवस आधी एका मुलीच्या वडिलांनी वाचलं, म्हणून धावपळ करून ते निस्तरलं. लंडन टोकाला ठेवलंत तर ही भानगडच उरत नाही. ॲमस्टरडॅम, मग पॅरिस, मग रेल्वेनं लंडन आणि तिथून थेट घरी. विमानभाडं थोडं वर-खाली होईल, ते सोसा. मार्ग बदलता येत नसेल, तर अर्जात एकापेक्षा जास्त प्रवेश मागा, आणि पासपोर्ट परत आले की प्रत्येक स्टिकर दोघांनी वाचायचं: एकानं मोठ्यानं, दुसऱ्यानं यादीवर खूण करत. नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा, प्रवेश, दिवस.

अर्ज कोणत्या देशाकडे द्यायचा? शेंगेनमध्ये जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील तर जिथे पहिला प्रवेश, त्याच्याकडे. तुमचे चार दिवस पॅरिसला आणि तीन ॲमस्टरडॅमला असतील, तर फ्रान्स. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज टाकायचा आणि मागाहून हॉटेल बदलायचं, हा उद्योग मुलांच्या बाबतीत करू नका.

पासपोर्टचे नियम तिथे पक्के आहेत. शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत दिलेला, आणि किमान दोन पानं कोरी. मुलांच्या बाबतीत पहिली अट जास्त नडते, कारण पुष्कळ देश अल्पवयीन मुलांना पाचच वर्षांचा पासपोर्ट देतात. धाकट्याचा आणि थोरल्याचा एकाच दिवशी काढला तरी दोघांचे एकाच दिवशी संपतील असं धरून चालू नका. शिवाय फोटो. नवव्या वर्षी काढलेला फोटो आणि समोर उभं असलेलं चौदा वर्षांचं, दात सरळ केलेलं, चष्मा लागलेलं पोर, यांत ओळख पटवायला अधिकाऱ्याला वेळ लागतो. पासपोर्ट वर्षभरात संपतच असेल तर आत्ताच नवा काढून घ्या. आणि नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असलेला एखादा मुलगा प्रत्येक गटात निघतो. तिकीट, विमा, व्हिसाचा अर्ज, शाळेची यादी, सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तसंच जायला हवं. शाळेच्या हजेरीपटावरून यादी उतरवली की घोळ झालाच म्हणून समजा.

वेळेचं गणित. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. निर्णयाला नेहमीचे पंधरा दिवस, पण गरज पडली तर पंचेचाळीसपर्यंत नेऊ शकतात. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच मागता येतो, आणि साधारण तीन आठवडे धरायचे. पासपोर्ट एकच असल्यामुळे तो एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो, हे सांगायला बाळबोध वाटतं, पण वेळापत्रकं नेमकी इथेच कोसळतात. सहल मेच्या मध्यावर असेल, तर शेंगेनचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत देऊन मोकळे व्हा, आणि पासपोर्ट हातात आले की फेब्रुवारीच्या मध्यापासून ब्रिटनकडे वळा.

शेंगेनच्या शुल्कात शाळांसाठी एक चांगली सवलत आहे आणि ती फार शाळा घेत नाहीत. जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो असा दर आहे. म्हणजे तुमची मुलं मोठ्यांच्या दरात. पण शेंगेनच्या व्हिसा संहितेत विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक शिक्षणासाठी किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जात असतील तर त्यांना व्हिसाशुल्क माफ आहे. यात ‘शैक्षणिक’ हा शब्द कव्हरिंग लेटरवर लिहून भागत नाही. कुठल्या दिवशी कुठली शाळा, कुठली प्रयोगशाळा, कुठल्या संग्रहालयातलं सत्र, तिथलं निमंत्रण किंवा पुष्टीपत्र, हे जोडावं लागतं. तीन दिवस थीम पार्क आणि बोटीतली चक्कर असेल तर मागूच नका, खोटं पडतं. अर्ज जिथे देता त्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क बहुधा वेगळं द्यावंच लागतं. वैद्यकीय विमा मात्र प्रत्येकाला हवा, किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. बोटांचे ठसे बारा वर्षांपासून पुढे घेतात, तेव्हा तुमच्या सगळ्यांचे घेतील. ब्रिटनच्या केंद्रावर तर पाच वर्षांपासूनच घेतात, आणि सोळा वर्षांखालच्या मुलासोबत तिथे मोठं माणूस लागतं.

आता संमतिपत्र. इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण ‘पालकांच्या सहीची चिठ्ठी’ हे तुमचे शब्द वाचून मला धडकी भरली.

मूल परक्या मोठ्या माणसासोबत सीमा ओलांडतंय, हे दिसल्यावर अधिकाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न सहलीचा येत नाही. आईवडिलांपैकी एकानं दुसऱ्याला न सांगता मूल बाहेर पाठवलंय का, हा येतो. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबद्दलचा हेगचा १९८० चा करार याच प्रकारासाठी झाला. म्हणून संमती दोघांची लागते. आईनं सही केली, वडील गावाला गेलेत, हे चालत नाही.

पत्रात मुलाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, आईवडील दोघांची नावं, ओळखपत्राचा क्रमांक, फोन, कुठल्या देशांत, कुठल्या तारखांना, कोणासोबत, राहणार कुठे, खर्च कोणाचा, आणि तातडीच्या उपचाराला संमती. सही नोटरीसमोर. परदेशी दाखवायच्या कागदाला अपोस्टिल, म्हणजे तो खरा असल्याचा सरकारी शिक्का, लागतो का, हे ज्या वकिलातीकडे अर्ज आहे तिच्या यादीत बघायचं. भाषा इंग्रजी किंवा त्या देशाची. दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल तर अधिकृत भाषांतर जोडायचं. दोन गोष्टी मी माझ्या पत्रात नेहमी घालतो. तारखा पुढेमागे दोन-दोन दिवस मोकळ्या, म्हणजे विमान रद्द झालं तर कागद बाद होत नाही. आणि शिक्षकांची नावं एक नव्हे, किमान दोन.

ही दुसरी गोष्ट ब्रिटनसाठी तर जीव की प्राण. तिथे अठरा वर्षांखालच्या मुलाचा व्हिसा ‘सोबतीसह’ किंवा ‘सोबतीशिवाय’ असा मिळतो. सोबतीसह असेल तर त्या मोठ्या माणसाची ओळख व्हिसाला जोडलेली असते, आणि मूल त्याच्याऐवजी भलत्याच माणसासोबत पोचलं तर विमानात चढू न देणं किंवा प्रवेश नाकारणं, दोन्ही होऊ शकतं. एका शाळेनं सगळ्या मुलांपुढे एकाच सरांचं नाव लिहिलं होतं. सरांना निघायच्या आदल्या रात्री ॲपेंडिक्सचं दुखणं उठलं. तिकीट दुसऱ्या सरांच्या नावावर करता आलं, व्हिसा करता आला नाही. ती सहल लंडनला गेलीच नाही. अर्जात दोन मोठी माणसं देता येतात, तेव्हा दोन द्या, आणि दोघंही एकाच वेळी आजारी पडण्याची शक्यता कमी असलेली निवडा. नवराबायको शिक्षक असतील तर दोघं एकाच जोडीत टाकू नका!

तुमच्या दोन मुलांचे आईवडील वेगळे झालेत. इथे ‘वेगळे’ म्हणजे काय ते आधी ठरवा. नुसते वेगळे राहतात, कोर्टाचा आदेश नाही: मग दोघांचा हक्क शाबूत आहे आणि दोघांची सही लागते, बोलणं असो वा नसो. कोर्टानं ताबा एकाला दिलाय: तर आदेशाची प्रमाणित प्रत, आणि त्या आदेशात परदेशी नेण्याबद्दल अट आहे का हे शेवटच्या पानापर्यंत वाचायचं. ताबा आईकडे, पण देशाबाहेर नेताना वडिलांची परवानगी हवी, असं वाक्य मला कितीदा तरी शेवटून दुसऱ्या परिच्छेदात सापडलंय. एक पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला. एक पालक दुसऱ्या देशात असेल तर त्यानं तिथल्या नोटरीपुढे किंवा आपल्या वकिलातीत सही करून मूळ कागद कुरियरनं पाठवायचा. त्याला महिनाभर धरा. आईचं आडनाव मुलाहून वेगळं असेल तर जन्मदाखला जोडा, विचारलं नसलं तरी.

आणि जिथे वडील सही देत नाहीत, तिथे शाळेनं मध्ये पडू नये, असं माझं मत आहे. एका मुख्याध्यापकांनी भलेपणानं वडिलांना फोन केला आणि पुढे कोर्टाच्या कागदांत शाळेचं नाव आलं. आईला वकील गाठायला सांगा आणि तारीख द्या. त्या तारखेपर्यंत आदेश आला तर मूल येईल.

उरले दोघं दुसऱ्या पासपोर्टवाले. ज्या मुलीकडे व्हिसामुक्त देशाचा पासपोर्ट आहे, तिला शेंगेनचा व्हिसा नको, पण ब्रिटनला व्हिसा नको असलेल्या परदेशी प्रवाशांना आता आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते, ईटीए म्हणतात तिला, आणि ती लहान मुलांनाही लागते. सगळ्या गटाचे व्हिसा झाले म्हणून सुटकेचा श्वास घेतला आणि हिचंच राहिलं, असं व्हायला नको. संमतिपत्र तिलाही तेवढंच लागतं.

दुसरा मुलगा निर्वासित प्रवासपत्रावर आहे, म्हणजे निर्वासिताला पासपोर्टऐवजी मिळणाऱ्या कागदावर. त्याचं काम सगळ्यात आधी हातात घ्या, बाकी तेहतीस थांबले तरी चालतील. १९५१ च्या निर्वासित करारानुसार दिलेलं हे पत्र प्रवासाचा कागद म्हणून खरं आहे, पण त्याच्यावर कोणाला व्हिसा लागतो, कोणाला नाही, हे देशागणिक वेगळं, तेव्हा वकिलातीकडून लेखी उत्तर मागवा. त्याच्या बाबतीत जाण्यापेक्षा परतणं मोठं. तुमच्या देशातला त्याचा राहण्याचा परवाना सहलीनंतरही चालू आहे का, परत येताना वेगळी परवानगी लागते का, प्रवासपत्राची मुदत परतीनंतर किती उरते, हे आधी. परतीची वाट बंद दिसली तर कुठलाच देश व्हिसा देत नाही, आणि द्यावा असं मलाही वाटत नाही.

नाकारलेल्या व्हिसाबद्दल एवढंच: लपवू नका. शेंगेनच्या यंत्रणेत जुने अर्ज पाच वर्षं राहतात. मूल दहा वर्षांचं असताना आईवडिलांसोबतचा अर्ज नाकारला गेला, पालक विसरले, फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं, अशी प्रकरणं येतात. नकारानं अर्ज बुडतोच असं नाही, खोट्या उत्तरानं मात्र बहुधा बुडतो.

खर्चाचा पुरावा म्हणून पालकांचे बँकेचे कागद मागतील. ते वर्गशिक्षकांच्या टेबलावर उघडे पडू देऊ नका, पाकिटं बंद ठेवून थेट अर्जात घाला. वर्गातल्या मुलांना कोणाच्या घरी किती पैसे आहेत हे कळण्याचं काही कारण नाही.

पुढच्या वर्षी अमेरिका म्हणताय, तर कामाला याच वर्षी लागा. तिथे २ सप्टेंबर २०२५ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांनाही साधारणपणे मुलाखतीला प्रत्यक्ष जावं लागतं. पूर्वी बऱ्याच ठिकाणी त्यांना यातून सूट असायची. मुलाखतीच्या तारखा काही ठिकाणी फार लांबच्या मिळतात. आणि सहलीत तिथल्या एखाद्या संस्थेत शिकून क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रमात धरले जाणारे गुण, मिळणार असतील, तर तो पर्यटक व्हिसाचा विषय राहत नाही, विद्यार्थी व्हिसाचा होतो. कॅनडा जोडणार असाल तर तिथे बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो, चौदा वर्षांपासून.

विमानतळाची तयारी थोडी सांगतो. प्रत्येक मुलासाठी एक पारदर्शक पाकीट: संमतिपत्राची मूळ प्रत, जन्मदाखल्याची प्रत, विमा, परतीचं तिकीट, असेल तर कोर्टाचा आदेश. ही पाकिटं शिक्षकांच्या हातातल्या बॅगेत, सामानात टाकलेल्या बॅगेत नाहीत. पासपोर्ट काउंटरपाशी ज्याचा त्याच्या हातात. शेंगेनच्या सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंदणी सुरू झाली. पहिल्या खेपेला चेहऱ्याचा फोटो घेतात, आणि व्हिसा न लागणाऱ्यांचे बारा वर्षांपासून पुढे बोटांचे ठसेही (व्हिसावाल्यांचे अर्जाच्या वेळीच झालेले असतात), त्यामुळे ३४ मुलांची रांग सहज तासभर खाईल. पुढचं विमान किंवा बस त्या हिशेबानं ठेवा.

आणि मुलांना तीन वाक्यं पाठ न करता बोलता यायला हवीत: कुठे चाललोय, किती दिवस, कोणासोबत. अधिकारी बऱ्याचदा शिक्षकाला बाजूला थांबवून मुलालाच विचारतो. एका खेपेला एका मुलाला विचारलं, ‘हे तुझे कोण?’ आणि घाबरून तो म्हणाला, ‘माहीत नाही.’ सर त्याचे दोन वर्षं गणिताचे शिक्षक होते. चाळीस मिनिटं गेली, शाळेत फोन झाला, मग सुटका. तेव्हापासून निघण्याच्या आठवड्यात मी मुलांना वर्गात उभं करून काउंटरची तालीम घेतो. शिक्षकांची पूर्ण नावं तेव्हाच लक्षात राहतात, कारण तोवर ते सर आणि बाईच असतात.